फर्स्ट लुक की अंतरपाट?

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, मे महिन्यात, सोलापुरातच, आणि मुहूर्त निघाला दुपारी 12.41 चा. सोलापूरचं मे मधलं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना पुढचं सांगायलाच नको. फोटोग्राफरने मुहूर्त ऐकला आणि म्हणाला, "ताई, मेकअप टिकत नाही ओ त्या वेळेला, आपण सकाळी आठला फर्स्ट लुक घेऊ की."

म्हणजे नवरा लॉनवर पाठमोरा उभा, नवरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवणार, तो वळून बघणार, डोळ्यात पाणी आलं तर उत्तम, नाही आलं तर परत एकदा वळायचं.

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाहीये. मुहूर्त लागला की कन्यादान, होम, सप्तपदी, मग स्टेजवर आहेरवाल्यांची रांग, मग पंगत, आणि दोघांचे निवांत फोटो काढायला वेळ मिळतो तो पार पाठवणीच्या तोंडावर, तेव्हा दोघं पार सुकलेले असतात. तिकडे परदेशातही हे असंच रुळलं, म्हणजे नवरीला लग्नाआधी बघणं अपशकुन मानायचे, ती चर्चमध्ये चालत येईल तेव्हाच बघायचं, मग विधी आणि पार्टीच्या मधल्या वेळात सगळे फोटो उरकायची पळापळ, ती टाळायला आधीच भेटवून फोटो काढून मोकळं व्हायचं. त्यांची अडचण, त्यांचा तोडगा.

पण आपल्याकडे त्या एका नजरेसाठी आख्खा विधी आहे ना राव! मध्ये पांढरा अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, मागे मामा उभा, मंगलाष्टकं चाललीयेत आणि दोघांनाही पलीकडचं दिसत नाही. नाही म्हणायला पाय दिसतात. आमच्या आज्जीने आजोबांचे आधी पायच बघितलेले, अंतरपाट जमिनीपर्यंत पोचत नाही त्यामुळे, आणि ती म्हणते अंगठ्याचं नख काळं पडलेलं, तेवढंच बघत बसले, अंतरपाट निघाला तरी मान वर केलीच नाही.

आता आमच्या बाईसाहेबांनी नवऱ्याला बघितलेलंच नाही असं काही नाही, रोज रात्री व्हिडिओ कॉल चालू असतो. पूर्वी नवरदेवाला हळद लागायची त्याच्या घरी आणि तीच उष्टी हळद इकडे यायची, आता दोघांची हळद एकाच मांडवात डीजेवर होते. त्यामुळे चेहरा नवा नाही, नवा असतो तो मुंडावळ्या बांधलेला अवतार, तेवढाच शिल्लक राहिलाय. तो पण सकाळी आठला संपवायचा का, एवढाच माझा प्रश्न होता.

माझी एक मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली समाजातली, घरी तेलुगू. तिच्या लग्नातही मध्ये पडदा होता पण त्यांच्यात मुहूर्ताला दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा लगदा ठेवतात, पडद्याच्या वरून हात घालून, आणि मग पडदा काढतात. म्हणजे आधी हात लागतो, मग चेहरा दिसतो. मला हे लई आवडलं होतं. तिच्या केसातून गूळ काढायला मीच बसले होते तरीसुद्धा.

खरी बोंब अंतरपाटाची नाहीच, आपल्या लोकांची आहे. पहिल्याच "सावधान"ला अर्ध्या अक्षता संपलेल्या असतात, उरलेल्या मुठीने नवरीच्या डोळ्यात. अंतरपाट निघतो त्या क्षणी दोन कॅमेरेवाले बरोबर मध्ये घुसतात आणि हार घालायच्या आत मित्रांनी नवऱ्याला उचललेलं असतं, मग बघायचं कधी आणि कुणी? आणि हे सोलापुरात! जिथे गड्ड्याला, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर त्यांच्या योगदंडाशी कुंभार कन्येचं लग्न लागतं, पांढरी बाराबंदी (जुन्या पद्धतीचा बंदांचा अंगरखा) घातलेले भक्त धरून लाखो लोक हातात अक्षता घेऊन "दिड्डम दिड्डम सत्यम सत्यम" कानावर पडायची वाट बघतात. तिथे थांबता येतं, कार्यालयात चारशे माणसांना थांबता येत नाही.

शेवटी वाद आईने मिटवला, तोही भावनेने नाही, साडीने. गौरीहराला आणि अंतरपाटाला मामाची पिवळी साडी, शालू त्यानंतर. म्हणजे सकाळी फोटोसाठी शालू नेसा, मग सोडून पिवळी नेसा, मग परत शालू. "नेसवणार कोण ते सांगा आधी," एवढंच म्हणाली, फोटोग्राफर गप.

होणारे दाजी मात्र थोडे हिरमुसले, त्यांना चारशे लोकांसमोर पहिल्यांदा बघायचं टेन्शन आलंय म्हणे, आणि त्यांचं मला पटलंही. म्हणून जोडीचे फोटो सीमांत पूजनाच्या दिवशी ऊन उतरल्यावर, वेगळ्या कपड्यांत, तेव्हा काय बोलायचं ते बोलून घ्या. लग्नादिवशी थेट अंतरपाट. कॅमेरे दोन्ही बाजूंना, मध्ये कुणी नाही. हार घालून होईपर्यंत उचलाउचली बंद, हे दाजींच्या मित्रांना स्वतः दाजींनीच सांगायचं. अक्षता वाटायचं काम माझ्याकडे, मंगलाष्टकं सुरू झाल्याशिवाय एक दाणा देणार नाही.

बहीण म्हणाली, चालेल, पण मंगलाष्टकं चारच्या वर नकोत, हात दुखतात हार धरून. इकडे आत्याने स्वतः रचलेली अकरा कडवी फॅमिली ग्रुपवर टाकलीयेत, त्यात माझंही नाव गुंफलंय, आणि अजून एकाचीही "नको" म्हणायची हिंमत झालेली नाही.