अंभोऱ्याचं पाणी: मरळ, बुडीत खुंट आणि नावेतली शिस्त

नागपूरहून कुही, वेलतूर मार्गे अंभोरा साधारण ७०-७५ किलोमीटर. पहाटे साडेचारला निघालं की उजाडता उजाडता घाटावर पोचतो, आणि गळाला हीच वेळ लागते. संगम मूळचा पाच नद्यांचा, वैनगंगा आणि कन्हान त्यातल्या मोठ्या. गोसेखुर्द धरणाचं पाणी अडल्यापासून मात्र इथे नदी कमी आणि तलाव जास्त दिसतो. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर, बाजूला नवा केबलचा पूल, खाली ओळीने लागलेल्या नावा. पर्यटकांची गर्दी उन्हं वर आल्यावर होते. गळवाल्यांचं काम तोवर निम्मं उरकलेलं असतं.

आम्ही येतो ते मरळीसाठी. अमेरिकेत बास या माशामागे जसे लोक वेडे असतात, तशी इकडे मरळ. दोन्ही दबा धरून बसणारे, दोघांनाही आडोसा हवा: झाड, गवत, जलपर्णी. म्हणून बाससाठी तयार झालेली अवजारं मरळीला जशीच्या तशी चालतात, त्यातही आतून पोकळ असलेला रबरी बेडूक. मात्र बासच्या अमेरिकन व्हिडिओंमध्ये दिसणारी नाव इथे आणता येत नाही. तिकडची बास बोट चांगली रुंद, बसक्या तळाची, पुढे उभं राहायला सपाट फळी असलेली. आपल्याकडचा डोंगा अरुंद. तिकडे माणूस उभा राहून गळ फेकतो, ते पाहून इथे कोणी उभं राहिलं की नावाडी लगेच म्हणतो, "बसून घ्या जी." ते निमूट ऐकायचं.

बुडीत क्षेत्रातली झाडं वाळून उभी आहेत. मरळ नेमकी त्यांच्या बुडाशी असते आणि नाव उलटते तीही तिथेच. उन्हाळ्यात खुंट पाण्याबाहेर असतात, लांबून दिसतात. पावसाळ्यानंतर धरण भरलं की तेच खुंट पाण्याखाली हात-दीड हातावर जातात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरचं शांत, भरलेलं पाणी आम्हाला मे महिन्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. खुंट ओळखायचा तो पृष्ठभागावरून: वारा नसताना एकाच जागी पाणी सुरकुतलेलं दिसलं किंवा जलपर्णीचा पुंजका वाहत न जाता अडून राहिलेला दिसला, तर खाली काहीतरी आहे. अशा पट्ट्यात इंजिन बंद करून वल्ह्यावर जायचं. पुढे बसलेल्याने हातात बांबू धरून पाणी चाचपत राहायचं.

नावेत बसण्याआधी तीन गोष्टी बघतो. पहिली म्हणजे माणसं किती. वीस फुटांच्या आतल्या नावेसाठी अमेरिकेत एक सोपा हिशेब वापरतात: लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा, पंधराने भागा. पंधरा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद डोंग्याचं उत्तर साडेतीन येतं, म्हणजे तीन माणसं, नावाडी धरून. दुसरी गोष्ट, सगळे बसल्यावर काठ पाण्याच्या वर किती उरतो. एक वीतही उरत नसेल तर एकाने उतरायचं. तिसरी, नाव कशाची आहे. लाकडी डोंगा उलटला तरी तरंगतो, त्याला धरून राहता येतं. पत्र्याच्या नावेत हवाबंद कप्पे नसतील तर ती पाणी भरताच तळाला जाते. बसण्याच्या फळीखाली डोकावून कप्पे आहेत का आणि ते गंजून फुटलेत का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

लाइफ जॅकेटबद्दल आम्ही कोणाचंही ऐकून घेत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव बुडून अकरा जण गेले. घाटावर मिळणारी जॅकेटं बहुतेकदा बसायला उशी म्हणून वापरलेली असतात. फोम दबून पातळ झाला की तरंगवण्याची ताकद जाते. बोटांनी दाबून सोडा. फोम लगेच फुगून आला नाही तर ते जॅकेट नको. स्वतःचं घ्यायचं तर १०० न्यूटनचं घ्या (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचं माप). ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तिथेच पुरतं. शुद्ध हरपलेल्याचं तोंड ते वर ठेवेलच असं नाही. अंगात घालून सगळे पट्टे आवळा आणि जोडीदाराला दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही लावायचा. गॅसच्या नळकांडीने फुगणारी जॅकेटं हलकी असतात, उकाड्यात बरी वाटतात. पण गळाचा काटा एकदा रुतला की संपलं. मरळीच्या शिकारीला फोमचंच.

आता गळ. रॉड सात फुटांचा, ताठ. रीलवर ५० पौंडी ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणून केलेली दोरी. तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉन, इथे ताणतो आणि खुंटावर घासून तुटतो. बेडूक पाच-सहा सेंटिमीटरचा. त्याचे रबरी झुपकेदार पाय एका बाजूचे थोडे आखूड कापले तर तो ओढताना नाकासमोर न येता डावी-उजवी डुलत येतो. दोन्ही काटे पक्कडीने किंचित बाहेर वाकवून घ्यायचे, नाहीतर रबरातच अडकून राहतात. बेडूक खुंटाच्या अलीकडे नाही, पलीकडे टाकायचा, ओढत खुंटाला लागून आणायचा आणि तिथे दोन क्षण थांबवायचा.

पाण्यात मोठा आवाज होऊन बेडूक गायब झाला की सगळ्यांचा हात लगेच वर जातो आणि निम्म्या वेळा बेडूक मोकळाच परत येतो. मरळ आधी वार करते, मग तोंडात नीट घेते. दोरीला तिचं वजन लागेपर्यंत थांबायचं, उरलेली ढील गुंडाळायची, मग झटका. तिचं तोंड हाडाचं, त्यामुळे झटका जोरकस हवा. तोल जातो तो याच क्षणी. बसूनच, रॉड आडवा, नावेच्या लांबीच्या दिशेने ओढायचा. वर आणि मागे ओढला तर आख्खं शरीर एका काठावर जातं. त्याच वेळी जोडीदार मासा बघायला त्याच काठावर वाकलेला असतो. एक मासा लागला की बाकीचे जागेवर, हा नियम निघण्याआधीच बोलून ठेवायचा.

गळ खुंटात अडकला तर ब्रेडेड दोरी हाताला गुंडाळू नका, ती बोट कापते. लाकडाच्या तुकड्याला दोन-चार वेढे देऊन, तोंड दुसरीकडे वळवून, सरळ रेषेत हळूहळू ओढायचं. सुटलेला बेडूक थेट डोळ्यावर येतो. नाही सुटला तर दोरी कापायची. अडीचशे-तीनशे रुपयांच्या बेडकासाठी काठावरून वाकून हात घालणं शहाणपणाचं नाही.

इंजिनची नाव घेतली तर इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. माणूस पडला की दोरी निघते, इंजिन थांबतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांच्या आतल्या, तीन अश्वशक्ती किंवा जास्त ताकदीच्या बहुतेक नावांना हे कायद्याने सक्तीचं आहे. बऱ्याच नावांत ती दोरी कायमची बटणालाच गाठ मारून ठेवलेली दिसते. ती सोडवून घ्यायला लावा. छोट्या इंजिनात पंख्याला एक मऊ धातूची पिन असते, पंखा खुंटाला आपटला की ती तुटते आणि आतले दाते वाचतात. अशा दोन जादा पिना, पंखा निसटू न देणारी कॉटर पिन आणि पक्कड सोबत नसेल तर परतीचा प्रवास वल्ह्यावर.

कोणी पडलंच तर आधी इंजिन बंद. मग दोरी फेकायची: आठ मिलिमीटर जाडीची, पंधरा मीटर, पॉलिप्रॉपिलीनची, कारण ती तरंगते, नायलॉनची बुडते. माणसाला वर घ्यायचं ते मागच्या बाजूने. बाजूच्या काठावरून ओढलं की उरलेलेही पाण्यात. नाव उलटली तर किनारा जवळ दिसला तरी नाव सोडायची नाही. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. ११२ लावता आला पाहिजे.

मे-जूनमध्ये दुपारनंतर पूर्वेला ढग दाटले की वारा दहा मिनिटांत उठतो. पहिला गडगडाट ऐकू आला की किनारा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, तो आडवा ठेवून द्यायचा. जवळपास वीज पडण्याची सूचना देणारं दामिनी ॲप नावेत बसण्याआधी बघावं. पावसाळ्यात गोसेखुर्दची ३३ दारं उघड-बंद होत असताना प्रवाह कधीही बदलतो. त्या काळात आम्ही नावच घेत नाही.

त्याच दिवसांत मरळीची पिल्लं लालसर गोळा करून पृष्ठभागाला फिरतात आणि आई-बाप खाली राखण करतात. त्या गोळ्यावर बेडूक टाकला की मासा हमखास लागतो. टाकू नका. राखण गेली की तासाभरात बाकीचे मासे सगळी पिल्लं संपवतात.

जलाशयातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, त्यामुळे गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारायचं, जे पैसे असतील ते द्यायचे. तोतलाडोहचं नाव काढूच नका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. अंभोऱ्यात कन्हानमधून नाग नदीचं सांडपाणीही येतं, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा आणि काटा रुतला तर जखम धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. घरी आल्यावर जॅकेट गोड्या पाण्यात खंगाळून सावलीत वाळवायचं. उन्हात पट्ट्यांची शिवण वर्षभरात कुजते, आणि ती उसवलेली आहे हे कळतं ते पाण्यात पडल्यावर.