छताला भोक ठेवलेलं देऊळ

माझी मावशी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. त्यामुळं कोल्हापूर आपल्याला पाठ आहे अशा भ्रमात मी चाळिशी ओलांडली. माझं कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावरची भेळ, तांबडा-पांढरा, आणि निघताना घाईत घेतलेली, पुढं महिनाभर चावणारी नवी चप्पल. कोपेश्वराच्या जुन्या देवळाचं गाव खिद्रापूर पाहिलेलंच नव्हतं. यंदा डिसेंबरात चार दिवस मोकळे मिळाले, तेव्हा काकांना म्हटलं, "यावेळी दगड बघायचे."

काका म्हणजे मावशीचे यजमान. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. आता हात थरथरतात म्हणून थापी सोडली, पण खिशात ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं शिसं, असतोच, दुसऱ्या कुणाच्या खिशात तंबाखूची डबी असावी तसा. कुठल्याही इमारतीसमोर उभे राहिले की आधी भिंत सरळ आहे का बघणार, नक्षीबिक्षी त्यानंतर. "दगड बघायला मला कशाला विचारतीस? चल की!" एवढंच बोलून ते गाडीची किल्ली शोधायला लागले.

पहिला दिवस पन्हाळ्यावर गेला. पन्हाळ्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालणार नाही. शहरापासून २० किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून घेतलं त्यांत हा आहे. तीन दरवाजापाशी फोटो काढणाऱ्यांची रांग होती, झुणका-भाकरीवाल्या मावश्या हाका मारत होत्या. मी रेंगाळले ती अंबरखान्यात. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावं. आत शिरलं की डिसेंबरातल्या उन्हातसुद्धा अंगावर गार पडदा पडतो. डोळे अंधाराला सरावले की वर कमानीदार छताला ओळीनं भोकं दिसतात. बाहेरून जिना चढून छतावर जायचं आणि त्या भोकांतून धान्य खाली ओतायचं. गंगा कोठीत २५,००० खंडी (खंडी हे धान्याचं जुनं माप) धान्य मावायचं म्हणतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला आणि शिवाजी महाराज चार महिने वर अडकून पडले, तेव्हा नाचणी-वरी-भात हीच खरी तटबंदी होती. काकांचं लक्ष मात्र भोकांवर. "छताला भोक पाडणं सोपं असतं व्हय? वजन कुठं जायचं, ते आधी ठरवाय लागतं."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी मला फार उपयोगी पडलं.

खिद्रापूर शिरोळ तालुक्यात, कोल्हापूरपासून ६० किलोमीटरच्या आसपास. नरसोबाची वाडी, कुरुंदवाड करत कृष्णाकाठानं गेलं की रस्ता जवळजवळ कर्नाटकात जाऊन संपतो. जाताना दीड तास धरला होता. उसाचा हंगाम आहे हे धरायचं राहिलं. एका वळणावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आडवा झाला आणि आम्ही पाऊण तास त्याच्या मागं ऊस खात बसलो. ऊस अर्थातच त्याच्याच ट्रॉलीतला, ड्रायव्हरनंच दिला. वाडीला दत्ताला नमस्कार केला, मावशीनं बजावलेली कवठाची बर्फी येताना घ्यायची ठरली. २०१९ च्या महापुरात हा सगळा तालुका पाण्याखाली होता. नदीकाठच्या घरांवर पाणी कुठवर आलं होतं ते माणसं अजून हात उंच करून दाखवतात.

गावात पोचल्यावर देऊळ पटकन दिसत नाही. शिखर पूर्ण झालेलंच नाही, त्यामुळं लांबून ओळखायची खूण नाही. घरं, पार, दोन-चार दुकानं, आणि एकदम समोर काळाभोर दगड. १२ व्या शतकात शिलाहारांच्या काळातलं हे कोपेश्वराचं देऊळ. दक्षिणेकडच्या दारापाशी यादव राजा सिंघण (दुसरा) याचा दान दिल्याचा संस्कृत शिलालेख आहे, म्हणजे शिलाहारांचं राज्य गेल्यावरही देवळाकडं राजांचं लक्ष होतं.

आत शिरताना पहिल्यांदा लागतो तो स्वर्गमंडप. ४८ खांबांचा हा मंडप मुख्य देवळापासून सुटा, पुढं उभा केलाय. मधे १२ खांब गोलाकार उभे, त्यांच्या मधोमध जमिनीवर एक मोठी गोल शिळा, आणि तिच्या बरोबर वर छताला तेवढंच गोल भोक. पडलेलं, ढासळलेलं नव्हे. घडवून ठेवलेलं. भोकाच्या कडेनं दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, आपापल्या वाहनांवर बसलेत. त्यातून डिसेंबरचं निळंशार आभाळ दिसत होतं आणि एक घार त्या वर्तुळाच्या एका कडेनं आत येऊन दुसरीकडून निघून गेली.

मी मान वर करून उभी. काका खाली बसले आणि एका खांबावरून हात फिरवायला लागले. "हितं नख घाल." मी घातलं. गेलंच नाही. खांब अखंड नाही. चौकोनी, अष्टकोनी, गोल अशा तुकड्यांवर तुकडे रचलेत, मधे चुना नाही, काही नाही. नुसतं वजनावर बसलंय सगळं. गोल भागावरच्या कडा तर इतक्या एकसारख्या की लेथवर फिरवल्यासारख्या. काकांनी ओळंबा काढला, दोरी बोटात धरली आणि खांबाच्या कडेला सोडला. शिसं डुलत डुलत थांबलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दोरी गुंडाळत म्हणाले, "माझी परवाची भिंत याच्यापेक्षा वाकडी हाय."

परवाची म्हणजे १९९८ ची. तिच्याबद्दल घरी अजून बोललं जातं.

बाराच्या सुमारास मला एक गोष्ट खटकली. भोकातून येणारा उन्हाचा गोल शिळेवर पडलाच नव्हता. तो सरकून उत्तरेकडच्या खांबांवर चढला होता. मग एवढी खटपट करून बरोबर खाली शिळा कशासाठी? तिथल्या एका गुरवबाबांना विचारलं तर ते हसले. "ताई, हे सूर्यासाठी न्हाई. कार्तिक पौर्णिमेला या. रात्री बाराला चंद्र बरोब्बर डोक्यावर येतोय."

हे ऐकीव माहितीत होतं, पण का ते कधी कळलं नव्हतं. पायरीवर बसून मोबाइलवर हिशोब मांडला. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणून दुपारीही सावली लांब पडते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणजे तो तेवढाच उत्तरेला चढतो. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य साधारण १७-१८ अंश दक्षिणेला गेलेला असतो, मग चंद्र त्याच सुमारास उत्तरेला. आणि या गावाचा अक्षांश १६.७ उत्तर. चंद्राची वाट दरवर्षी थोडी इकडंतिकडं होते, पण कार्तिकातला पूर्ण चंद्र मध्यरात्री इथं जवळजवळ माथ्यावरूनच जाणार! मी हे उत्साहानं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? भोक आधी ठरवाय लागतं म्हटलं न्हवतं काय मी?"

पुढच्या सभामंडपात अंधार आणि वटवाघळांचा वास. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक कोपेश्वर म्हणजे रागावलेला शंकर आणि दुसरं धोपेश्वर म्हणजे विष्णू. दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला, शंकर संतापला, त्याची समजूत काढायला विष्णू आला, अशी कथा. सतीला माहेरी घेऊन गेला तो नंदी. म्हणून या शिवमंदिरात नंदीच नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला एकटाच बसलाय, असं सांगतात. देऊळ एका राज्यात नि नंदी दुसऱ्या राज्यात. सीमावादाच्या या मुलखात ही कथा ऐकताना हसू आवरत नाही.

बाहेरून प्रदक्षिणा घालताना खालच्या थरात हत्ती लागतात. देवळाचं ओझं पाठीवर घेऊन ओळीनं उभे, पाठीवर देवता. ९२ आहेत म्हणतात. काकांनी मोजायला घेतले. एकसष्टपर्यंत आले होते तोवर शाळेच्या सहलीची पोरं "कुणी तरी बाटली द्या रेऽऽ" करत मधून गेली आणि मोजणी बिघडली. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या. एका हत्तीच्या पोटावर कुणीतरी खिळ्यानं बदाम कोरून दोन नावं घातलीयत. ती नावं नीट कोरायलाही जमलेलं नव्हतं, याचाच काकांना जास्त राग आला. तुम्ही गेलात तर पूर्ण प्रदक्षिणा घालाच. बरेच जण स्वर्गमंडपात सेल्फी काढून परत फिरतात आणि बाहेरच्या भिंती तशाच राहतात. दुपारी तीननंतर जा, पश्चिमेकडचं ऊन आडवं पडलं की मूर्तींना खोली येते. आम्ही तोवर थांबलो. गावात चहा मिळाला, सोबत गरम शेंगदाणे.

परतायला निघालो तेव्हा कवठाच्या बर्फीचं अर्थातच विसरलो. वाडी मागं पडल्यावर आठवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंबाबाईला गेले, यावेळी दर्शनाच्या रांगेत न जाता महाद्वारापाशी. काका सोबत होतेच. खिद्रापूरचं गणित डोक्यात फिरत होतं आणि तेवढ्यात लक्षात आलं की अंबाबाईचा किरणोत्सवही नोव्हेंबरातच असतो. देवीचं तोंड पश्चिमेला. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून थेट आत शिरतात आणि मूर्तीवर चढतात, पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो त्या दिवसापासून, जवळपास ४१-४२ दिवसांच्या अंतरावर. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा त्या जागी मावळतो, परत येताना पुन्हा तिथंच. तिकडं खिद्रापुरात मध्यरात्रीचा चंद्र माथ्यावर येतो तेही साधारण याच दिवसांत. एकाच अक्षांशावरची दोन देवळं, एक दार उघडं ठेवून बसलंय आणि एक छत. योगायोग असेलही. मला वाटत नाही.

काका महाद्वार रोडच्या तोंडाशी उभे राहून पश्चिमेकडं बघत होते. हल्ली किरणं मूर्तीच्या मुखापर्यंत पोचतील का याची दरवर्षी शहराला धाकधूक असते, कारण वाटेत मजले उठलेत, त्यावर पाण्याच्या टाक्या, पाट्या, पत्रे. काकांनी हात लांब केला, अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला. एका इमारतीच्या टाकीवर अंगठा नेऊन ठेवला. "ही. हिला तीन फूट सरकवली तरी पुरं." मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "तिच्या खालचा स्लॅब मीच टाकलाय."

मी काही बोलले नाही. सूर्य त्या टाकीच्या डावीकडं, बराच दक्षिणेला, एका लॉजच्या पाटीमागं बुडाला.

"एकतीस जानेवारीला ये," काका म्हणाले. "सकाळपासनं जागा धरून ठेवतो." मी तिथंच उभ्या उभ्या महालक्ष्मी एक्स्प्रेस बघितली. स्लीपरला वेटिंग ३४. घेतलं तिकीट, आणि मावशीला फोन करून सांगितलं की बर्फी तेव्हा नक्की आणते.