पटकथा लिहिली जात असताना तिचा खर्च कोण करते?

मराठी चित्रपटासाठी राज्य शासन अनुदान देते, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. ते अनुदान नेमके कोणत्या टप्प्यावर मिळते, याचा विचार मात्र फारसा होत नाही. चित्रपट पूर्ण व्हावा लागतो, सेन्सॉरचे प्रमाणपत्र हाती यावे लागते, मग परीक्षण समिती चित्रपट पाहून त्याचा दर्जा ठरवते आणि त्यानंतर निर्मात्याच्या नावे रक्कम मंजूर होते. अनेक वर्षे ही रक्कम ‘अ’ दर्जासाठी ४० लाख आणि ‘ब’ दर्जासाठी ३० लाख रुपये अशी होती. या योजनेविषयी मला आदर आहे, कारण तिच्या आधाराने कितीतरी लहान निर्माते पुन्हा उभे राहिले. पण मी पटकथा लिहिते, आणि माझे काम हा सगळा व्यवहार सुरू होण्याच्या बऱ्याच आधी संपलेले असते. पेरणीला काहीच द्यायचे नाही आणि मळणी झाल्यावर धान्य मोजून बक्षीस द्यायचे, अशी ही रचना आहे.

लेखनाचा काळ प्रत्यक्षात कसा जातो, हे या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. आधी निर्मात्याला वन-लाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात सारांश ऐकवायचा, तो आवडला तर टोकन म्हणून एक छोटी रक्कम मिळते, त्यानंतर पहिला ड्राफ्ट, त्यावर चर्चा, दुसरा ड्राफ्ट, कलाकारांना पटकथा ऐकवण्याचे नॅरेशन, आणि उरलेल्या मानधनाचे हप्ते बहुधा चित्रीकरणाच्या तारखांशी बांधलेले. चित्रीकरण पुढे ढकलले गेले की हप्ताही पुढे जातो. चित्रपट रद्द झाला की तो येतच नाही. म्हणून आमच्यापैकी बहुतेक जण घर चालवण्यासाठी दैनंदिन मालिका लिहितात. मालिकालेखन कमी प्रतीचे आहे असे मी मुळीच मानत नाही. रोज एक भाग वेळेत देण्यासाठी जे कसब आणि जी शिस्त लागते, ती फार थोड्यांकडे असते. अडचण वेगळी आहे. ऊसतोड कामगारांच्या टोळीबरोबर एक हंगाम काढल्याशिवाय, एखाद्या तालुका न्यायालयात आठवडेच्या आठवडे बसल्याशिवाय जी पटकथा लिहिताच येत नाही, ती रोजच्या भागाच्या फटीत लिहून होत नाही. अशा पटकथा वाईट लिहिल्या जातात असेही नाही. त्या लिहिल्याच जात नाहीत, आणि जे लिहिलेच गेले नाही त्याची नोंद कोणत्याही समितीकडे राहत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे उदाहरण मी म्हणूनच पुन्हा पुन्हा देते. या चित्रपटाच्या लेखनकाळात निर्माते विवेक गोंबर यांनी दिग्दर्शकाला दरमहा ठरावीक रक्कम दिली, जेणेकरून त्याला दुसरे काम न करता न्यायालयांत जाऊन बसता यावे, वकील आणि खटले पाहता यावेत, आणि मग लिहिता यावे. पुढे नेदरलँड्समधील रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीनेही या प्रकल्पाला विकासाच्या टप्प्यावर मदत केली. २०१४ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात ‘ओरिझोंती’ या विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान, त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि भारतातर्फे ऑस्करसाठी निवड, हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. त्याच दिग्दर्शकाच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पुरस्कार मिळाला, तो पटकथेसाठी. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला, त्या चित्रपटाची जडणघडणही नव्या चित्रपटकर्त्यांना हात देणाऱ्या व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजसारख्या उपक्रमातून झाली. मराठी बोलीत, मराठी माणसांविषयी लिहिलेल्या पटकथांना लेखनाच्या टप्प्यावर रॉटरडॅम आणि व्हेनिसने हात द्यावा, आणि सत्कार मात्र आपण करावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या परंपरेत असे नव्हते. १८४२ मध्ये कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहिल्यावर सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत रचायला सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. मला त्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबाराचा आधार संपला, आणि भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव निघाले; १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांनी खेळ केले. म्हणजे मराठी नाटकाचा धंदा प्रेक्षकांच्या पैशावर उभा राहिला हे खरेच, परंतु तो उभा राहण्याआधी रचनेची, तालमींची, चुकतमाकत शिकण्याची सगळी वर्षे कोणीतरी सांभाळली होती. तिकिटाचे पैसे प्रयोगाला मिळतात. प्रयोगाआधीच्या वर्षांसाठी तिकीट लावता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरही ही जाण होती. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटांना कर्ज देणाऱ्या स्वतंत्र संस्थेची शिफारस केली आणि १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. नाव नसलेल्या दिग्दर्शकाला केवळ पटकथेच्या बळावर कर्ज मिळू शकते, ही कल्पना त्या काळात क्रांतिकारक होती, आणि ‘भुवन शोम’सारखा चित्रपट त्यातून १९६९ मध्ये आला. अनेक कर्जे बुडाली, अनेक चित्रपट डब्यात राहिले, आणि त्यावर झालेली टीका सगळी चुकीची नव्हती. तरीही पटकथा वाचून पैसे देणे हे त्यातले मूळ तत्त्व मोलाचे होते. आपल्या राज्याने १९७० च्या दशकात करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली, तेव्हा वाट बदलली. ज्याची तिकिटे अधिक विकली त्याला पुढच्या चित्रपटासाठी अधिक परतावा, हे गणित निर्मितीला चालना देणारे होते आणि मराठी चित्रपट त्या वेळी तगून राहिला तो त्यामुळेही. पण लेखकाचा त्या गणितात कुठेच समावेश नव्हता. त्यानंतर आलेल्या दर्जानिहाय अनुदानातही तो झाला नाही.

मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण शासनाचे नाहीच. ‘मंथन’ १९७६ मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्यांच्या आयुष्याविषयी चित्रपट आहे त्यांनीच त्याचा खर्च उचलला आणि नंतर तेच प्रेक्षक म्हणून आले, ही गोष्ट मला आजही हलवून सोडते. मात्र सहकारी दूधसंघासारखी बांधलेली संघटना प्रत्येक विषयामागे नसते, हेही तितकेच खरे.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी गांभीर्याने घेते: गावातल्या शाळेचे छप्पर गळत असताना करमणुकीसाठी सार्वजनिक पैसा का द्यावा? याचे उत्तर देताना आपण लगेच ‘ही करमणूक नव्हे, ही संस्कृती आहे’ असे म्हणतो, आणि मला ते उत्तर पटत नाही. प्रेक्षकाला खिळवून ठेवण्यासाठी जे केले जाते आणि जे पुढे समाजाच्या स्मृतीत राहते, ते एकाच मेजावर, बहुतेकदा एकाच माणसाकडून लिहिले जाते. लिहिताना कोणते काय ठरेल हे त्यालाही माहीत नसते. शिवाय करमणुकीने शासनाकडून फक्त घेतले असे नाही. १९२३ च्या कायद्यापासून २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत मुंबई इलाख्याने आणि नंतर महाराष्ट्राने तिकिटांवर करमणूक कर वसूल केला, आणि आजही १०० रुपयांहून महाग चित्रपट-तिकिटावर १८ टक्के कर आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटातील १०.७२ टक्के रक्कम थेट त्यांच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जाते, मग चित्रपट फ्रेंच असो वा अमेरिकी, आणि त्यातून नव्या चित्रपटांना मदत होते; तिथली ‘उत्पन्नावरील आगाऊ रक्कम’ ही जुनी योजना चित्रपट बनण्याआधी पटकथा वाचून ठरते. प्रेक्षकाने दिलेल्या पैशातला लहानसा वाटा पुढच्या कथेकडे वळवणे, एवढेच त्यात आहे.

दुसरी भीती अधिक खरी आहे. जे शासन पैसे देते तेच शासन कातरही हातात धरते. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाच्या वेळी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि नाटकाच्या संहितेचे परिनिरीक्षण, म्हणजे प्रयोगाआधीची शासकीय तपासणी, राज्यात आजही होते. पटकथा लिहिली जात असतानाच समितीने विषय सुचवायला सुरुवात केली, तर महापुरुषांच्या चरित्रांपलीकडे काही उरणार नाही. म्हणून मला हवी असलेली योजना लहान आणि कोरडी आहे. ‘अ’ दर्जाच्या एका चित्रपटाच्या ४० लाखांत दहा लेखकांना प्रत्येकी चार लाख, म्हणजे आठ महिने दरमहा पन्नास हजार रुपये देता येतात. अर्जावर नाव नसावे, पाच पानांचा आराखडा आणि काही लिहिलेले प्रसंग एवढेच वाचले जावे. मुंबईत राहण्याची अट नसावी. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या लेखकाला अंधेरीत भाडे भरत बसावे लागू नये, हा तर यातला मोठा लाभ ठरेल. स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहावा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील रॉयल्टीचा जो हक्क लेखकाला दिला, आणि जो मी पाहिलेल्या बहुतेक करारांत कुठेच दिसत नाही, तो या योजनेच्या नमुना करारात स्पष्ट लिहिलेला असावा. चित्रपट झाला तर निर्मात्याने चार लाख परत करावेत, म्हणजे पुढच्या लेखकाची सोय होईल.

चित्रपट झाला नाही, तरी पटकथा वाया जाऊ नये. ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी जमा व्हावी आणि ठरावीक वर्षांनी वाचकांसाठी खुली व्हावी, कारण न झालेल्या चित्रपटांच्या पटकथा वाचायला मिळणे हे नव्या लेखकासाठी मोठे शिक्षण असते. वाचन-समितीत निर्माते कमी आणि लिहिणारे अधिक असावेत, दर दोन वर्षांनी ती बदलावी, आणि शंभर आराखडे नीट वाचण्याचे मानधन तिला वेळेवर मिळावे.