कूलरच्या झोतातला कॅबिनेट

आज नागपूरच्या महाल भागातला एक जुना डेस्कटॉप उघडला. तक्रार: सुरू व्हायला पाच मिनिटं, आणि दुपारी तर माऊसही अडकतो. दुपारी, हेच महत्त्वाचं. नागपूरचा मे, पारा ४५च्या घरात, आणि कॅबिनेट थेट कूलरच्या झोतात. ओलसर हवेत धूळ चिकट होते. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसला होता, नखानं सोलून निघाला. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मगच ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट खडूसारखी वाळली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढीच.

पण खरी अडचण बहुतेक वेळा हार्ड डिस्कच असते. एकही प्रोग्राम उघडलेला नसताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बराच वेळ १०० टक्के दिसत असेल, तर क्लीनर सॉफ्टवेअर टाकू नका हो. ते स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतं. हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, पण ती डीडीआर३ पिढीची की डीडीआर४ ते आधी बघा, दोन्हींची खाच वेगळी असते. आणि काहीही करण्याआधी घरच्या फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

कॅबिनेट आता जमिनीपासून वीतभर वर, कूलरच्या वाटेतून बाजूला ठेवलाय.