पाचशेच्या आत

गाडी टोयोटा हायलक्स, 2.8 लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. मालक पार्ल्याचे. इगतपुरीजवळ त्यांची नर्सरी आहे, त्यामुळे रोपं, खत, मातीच्या गोणी भरून कसारा घाट चढणं नेहमीचंच. तक्रार अशी: "दादा, घाटात तिसऱ्यातून चौथ्यात जाताना आरपीएम उडतो, मग धप्पकन गिअर बसतो."

कुर्ल्यात माझ्याकडे ऑटोमॅटिक बॉक्सचंच काम असतं. मी विचारलं, इंजिनात काही केलंय का? "नाही हो, काहीच नाही." हे उत्तर ऐकलं की मी आधी बॉनेट उघडतो. रेल म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी; तिच्या प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरमागे कव्हरखाली वायर नव्याकोऱ्या दिसत होत्या, त्यांच्या टोकाला केबल टायने आवळलेला काळा डबा. ट्यूनिंग बॉक्स. मालक म्हणाले, "तो इंजिनचा आहे. गिअरबॉक्सशी त्याचा काय संबंध?"

बसवणाऱ्यालाही हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून इथे खुलासा करतो. हा डबा ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, रेलमधलं प्रेशर खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. ईसीयू ते वाढवतो, डिझेल जास्त जातं, ताकद वाढते. पण आपण किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतोय याचा ईसीयूचा हिशोब जुनाच राहतो, आणि तोच आकडा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला जातो. कंट्रोलर त्या आकड्यावरून क्लच पॅकला, म्हणजे गिअर धरून ठेवणाऱ्या प्लेटांच्या गठ्ठ्याला, ऑइलचं प्रेशर देतो. चलानवर पाच टन लिहून नऊ टन भरल्यासारखं हे! प्रेशर कमी पडतं, गिअर बदलताना प्लेटा घसरतात, तापतात, त्यांचं अस्तर जळायला लागतं. शिवाय कंट्रोलर शिकत असतो. थोडी घसरण दिसली की तो प्रेशर जुळवून घेतो, म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटतं. जुळवून घेण्याची मर्यादा संपली की आरपीएम उडायला लागतो. तोवर डबा बसवणारा वाहवा घेऊन मोकळा झालेला असतो.

डबा काढायच्या आधी मला आकडे हवे होते. गोण्या होत्या तशाच ठेवून, स्कॅनर लावून पहाटे निघालो. मानकोलीच्या रांगेत सरकत असतानाच एटीएफचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलचं, तापमान वर जायला लागलं. अशा रांगेत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, लॉक होत नाही, इंजिनची ताकद आतलं ऑइल घुसळण्यात जाते. घाटात आकडा 118 अंशांवर गेला. त्याहून वाईट म्हणजे लॉकअप लागलेला, म्हणजे कन्व्हर्टर आतल्या क्लचने थेट जोडलेला असताना, इंजिनचा आरपीएम आणि टर्बाइनचा (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या चाकाचा) आरपीएम जवळपास सारखे हवेत, ते पायाखाली जोर आला की फाकत होते.

परत येऊन ऑइल पॅन उतरवला. पॅनमधले चुंबक मी स्वतः पुसतो, हेल्परला हात लावू देत नाही. त्यांच्यावर करडा, मऊ लगदा असणं ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारा कण सापडला तर बॉक्स उघडायचा. इथे कण नव्हते, पण पॅनच्या तळाशी काळी गाळवट आणि ऑइलला जळका वास. म्हणजे पोलाद शाबूत होतं, अस्तर गेलं होतं. किती, हे बॉक्स उघडल्याशिवाय कळत नाही. या गाडीला "ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं" असं कुणीतरी ठामपणे सांगितलेलं. मुंबईचा उकाडा, ट्रॅफिक आणि घाट अशा वापराला हा सल्ला देणाऱ्याने एकदा हा पॅन हुंगून बघावा.

मालकांना ताकद हवीच होती, आणि ती मागणी मला चूक वाटत नाही. यात बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट आहे. गिअरबॉक्सच्या प्लेटांवर जोर येतो तो टॉर्कचा. कंपनीनेच या गाडीत मॅन्युअलला 420 न्यूटन-मीटर दिलाय, ऑटोमॅटिकला 500, तोही 1,600 ते 2,800 आरपीएममध्ये. पॉवर 204 पीएस. गणित करा: 3,400 आरपीएमला 204 पीएस म्हणजे टॉर्क उरतो जेमतेम 421. वरच्या आरपीएमला बॉक्सकडे जागा शिल्लक आहे. तोच 500 टॉर्क 3,200 पर्यंत टिकवला तर 228 पीएसच्या आसपास पोचतो, आणि क्लच पॅकला कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त टॉर्क कधीच येत नाही.

रीमॅप करणारा, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलणारा पोरगा हुशार. पण तो म्हणाला, "काका, 600 देतो, खालपासून. पायाला कळलं पाहिजे." खालपासूनचा टॉर्कच तर बॉक्स खातो! कन्व्हर्टर तो आणखी वाढवून पुढे देतो, आणि कमी आरपीएमला लॉकअप लागला की सगळा भार त्या एका पातळ अस्तरावर. आमचं बरंच वाजलं. शेवटी 2,800 च्या खाली हात लावायचा नाही, पहिल्या-दुसऱ्या गिअरला कंपनीचाच टॉर्क, टॉर्कचा हिशोब खरा ठेवायचा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जागेवर राहणार आणि धुराची मर्यादा ओलांडायची नाही, यावर तो तयार झाला. मी थर्मोस्टॅटसह जादा ऑइल कूलर बसवला, नवीन एटीएफ भरलं, ठरलेल्या तापमानाला ओव्हरफ्लो प्लगमधून पातळी बघितली आणि कंट्रोलरचं जुनं शिकलेलं पुसलं. वॉरंटी गेली आणि विमा कंपनीला हा बदल कळवायचा, हे मालकांकडून लिहून घेतलं.

पुन्हा घाट, तेवढंच वजन. 96 अंश. लॉकअप फाकत नाही. तिसऱ्यातून चौथा गुपचूप बसतो.

तरी माझं मन त्या काळ्या गाळापाशीच अडकलंय. मी बॉक्स उघडायचा आग्रह धरला होता, मालकांनी खर्च ऐकून नको म्हटलं. गाडी आज नीट चालते म्हणून ते खूश आहेत. पण अर्धं जळलेलं अस्तरही प्रेशर बरोबर मिळालं की नीटच चालतं. ते अजून किती घाट चढेल, हे चांगला आकडा दाखवणारा स्कॅनर सांगत नाही. पुढच्या ऑइलला पॅन पुन्हा उतरवायचा आणि गाळ दिसला तर चर्चा न करता बॉक्स खोलायचा, एवढं कबूल करून घेतलंय.

त्यांच्याच एका मित्राच्या पिकअपला तसाच डबा आहे. फोन आला होता: "माझी तर मस्त पळतेय, तुमच्याकडे कधी आणू?" मी म्हटलं, आधी डबा काढा, मग आणा. अजून आलेले नाहीत.