तक्रार असेल तर टाळ थांबत नाहीत

आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारीत दिवे घाट, सासवड, जेजुरी मागे पडली. नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पुणे जिल्हा संपून सातारा लागला. पुढे धर्मपुरीला सोलापूर लागेल. हद्द बदलली की टँकर बदलतात, आरोग्य पथकं आणि बंदोबस्त बदलतो. दिंड्यांचा क्रम मात्र तोच राहतो. रथापुढे २७, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीला तिचा नंबर. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांनी लावलेली शिस्त आजही चालते. सरकारने काहीही सोय करायची ठरवली, तर ती या क्रमाला धरून केली तरच वारकऱ्यापर्यंत पोचते, एवढंच मला वाटेवर पुन:पुन्हा दिसत राहिलं.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, डोळे भरून आले. फलटण झालं.

त्यानंतरची दुपार मात्र सरता सरत नव्हती. पालखी मार्ग रुंद झालाय, रुग्णवाहिकेला वाट मिळते, हे खरंच. पण वडाची सावली गेली, आणि उन्हात डांबर तळव्याला चटके देतं. आदल्या दिवशीच्या पावसाने चपला-बूट ओले, आत खडी. ओलं कातडं घासलं की फोड येणारच. अभंगाचा ठेका तोच, पण आमच्या रांगेतली निम्मी माणसं टाचेवर तोलत चालली होती.

विसाव्याच्या जागेवर एका झाडाखाली त्या गावची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा स्वयंसेविका, बसली होती. पुढे साबण, पाण्याची बादली, स्पिरिट, गॉझ, चिकटपट्टी. पाय साबणाने धुवायचा, कोरडा करायचा. फोड लहान असेल तर हात लावायचा नाही, नुसती पट्टी. मोठा, ताणलेला असेल तर स्पिरिटने पुसलेल्या नव्या सुईने कडेला दोन ठिकाणी टोचून पाणी दाबून काढायचं. वरचं कातडं काढायचं नाही, तेच आतल्या जखमेचं झाकण. सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवायची जुनी रीत ती कोणाला करू देत नव्हती, कारण दोऱ्यावरून घाण आत जाते.

"माउली, साखर आहे का?" हा तिचा पहिला प्रश्न. मधुमेह असेल तर ती सुई लावायचीच नाही, थेट डॉक्टरांच्या पथकाकडे पाठवायची. अशा पायाला वेदना कमी कळतात आणि जखम चिघळल्यावरच माणूस बघतो. प्रत्येक पाय बांधून झाला की हात कपाळाला लावायची. आशांना केलेल्या कामानुसार मोबदला मिळतो. त्या दुपारचा मोबदला कोणत्या रकान्यात बसतो ते मला सापडलं नाही, आणि ती उठायचं नाव घेत नव्हती. तिच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं. तिने ठेवू दिलं नाही, उलट आमच्याच पाया पडली.

पाण्याचा मात्र राग येतो. एका तळावर टँकर आला, झाकण उघडून पावडर टाकली आणि लगेच तोट्या सोडल्या. ही पावडर म्हणजे टीसीएल, पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. ती चांगल्या प्रतीची असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, म्हणजे दहा हजारांच्या टँकरला पंचवीस ग्रॅम. ती थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी टँकरमध्ये ओतायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं. तो अर्धा तासच कोणी देत नाही. पिशवी उघडी राहून पावडर ओलसर झाली असेल, तर क्लोरीन आधीच उडालेला असतो. ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारं द्रावण. त्याच्या थेंबांनी पाणी पिवळं झालं नाही, तर ते पाणी प्यायचं नाही. दिंडीच्या विणेकऱ्याकडे ओटीची एक बाटली द्यावी, तो रोज बघेल. वीणा खाली न ठेवणारा माणूस हे काम टाळणार नाही.

बायकांचं दुखणं वेगळं. निघायची गडबड रात्री दोन-अडीचलाच सुरू होते. फिरती शौचालयं तळाच्या टोकाला, दिव्याविना, पिंप रिकामं. मग बायका संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात चक्कर, लघवीची जळजळ. उपाय साधा आहे: दिंड्यांच्या नंबरानुसार शौचालयं वाटून द्यायची, बायकांची राहुट्यांजवळ ठेवायची, दिवा लावायचा, पिंप मध्यरात्रीपूर्वी भरायचं, आणि जागा मुरमाची निवडायची. चिखलात मैला उपसणारी गाडी रुतली की पुढचं सगळं अडतं.

हे सगळं सांगायची जागा वारीत आहे. रात्री समाजआरतीला सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावून "होऽऽ" म्हणतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार आहे तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकतात, तिथेच तोड काढतात. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते. पाण्याच्या, आरोग्याच्या खात्याचा एक माणूस रोज तिथे हात जोडून उभा राहावा. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटीने गेल्या, नाराजी होती, तरी लाखो माणसं घरी थांबली. एवढं ऐकणारा समाज आहे हा. त्याचं ऐकणाराही कोणी हवा.

वाखरी. इसबावी. मग कळस.

पंढरपुरात एके काळी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचल्याशिवाय आत सोडत नसत. १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा दलितांना मंदिर उघडलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे मंदिरावरचे हक्क संपले. पांडुरंगाच्या दारात माणसांचं भलं होतं ते श्रद्धा आणि कायदा एकमेकांशी झगडत, कधी हातात हात घालून.

एक काम अजून अर्धं आहे. चंद्रभागेच्या वाळवंटातली घाण माणसांनी हाताने उचलण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यानंतर ‘६५ एकर’ नावाच्या तळावर दिंड्यांची सोय झाली, शौचालयं वाढली. पण पौर्णिमेला गोपाळकाला होऊन दिंड्या परततात, तेव्हा गाव सफाई कामगारांच्या हाती राहतं. वारीच्या खर्चाचा आराखडा पौर्णिमेला संपवू नये. त्यांचे हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची लस आणि पुढच्या पंधरवड्याची मजुरी त्यात पहिल्या पानावर लिहावी, आणि प्रत्येक दिंडीने भिशीतून, म्हणजे वारकऱ्यांनी खर्चासाठी भरलेल्या वर्गणीतून, त्यात वाटा उचलावा. आमच्या दिंडीत हा विषय परतीच्या वाटेवर मांडलाय. पुढच्या वर्षीची भिशी ठरवताना तो लेखी घ्यायचा आहे.