तुर्तुक-थांग: दुर्बिणीचे शंभर आणि टॅक्सीवाल्याचे अडीच हजार

आधीच सांगतो, लेहच्या ज्या एजंटने "तुर्तुक ना, एकदम आरामात, सकाळी निघा रात्री परत" असं सांगितलं त्याच्यावर माझा राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे पुढचं जरा तिखट वाटेल. तुर्तुक म्हणजे लडाखच्या नुब्रा भागातलं, नियंत्रण रेषेजवळचं गाव, लेहपासून दोनशे किलोमीटरच्या वर आणि मध्ये खारदुंगलाची खिंड. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे निव्वळ गाडीत बसून ओकाऱ्या काढणं. वाटेत नुब्रातल्या डिस्कीटला नाहीतर सरळ तुर्तुकलाच मुक्काम करा. खारदुंगलावर उंची वाढवून लिहिलेला बोर्ड आहे, त्याच्याबरोबर फोटो काढा पण विश्वास ठेवू नका, खरी उंची १७,५८२ फूट आहे. डोकं मात्र तेवढ्यावरही भरपूर दुखतं, लेहला दोन रात्री काढल्याशिवाय वर जायचं नाही म्हणजे नाही.

आम्ही श्रीनगरकडून गेलो. झोजिला खिंडीत वन-वेच्या रांगेत साडेचार तास, चिखल, बाजूला दरी, त्यावर जास्त लिहीत नाही, बोगदा झाला की सुटलो सगळे. द्रास, लामायुरू वगैरेवर ढिगाने लिहिलेलं आहे, ते छानच आहे, तिकडेच वाचा.

पण कारगिलला एक रात्र जास्त काढा आणि हुंदरमानला जा. शहरापासून दहा-बारा किलोमीटर, चढाचा रस्ता. हे गाव १९४८ नंतर पाकिस्तानच्या ताब्यात होतं, १९७१ मध्ये भारताकडे आलं. लोक वर नवीन वस्तीत गेले आणि खालचं जुनं गाव तसंच रिकामं पडलंय, दगडी घरं एकमेकांच्या डोक्यावर. त्यातल्या एका घरात छोटं म्युझियम केलंय, गडबडीत मागे राहिलेली भांडीकुंडी, कपडे, आणि पलीकडे गेलेल्या नातेवाईकांची पत्रं. ती पत्रं वाचायला वेळ ठेवा. आमचा ड्रायव्हर "वीस मिनिट बहुत है सर" म्हणत खाली हॉर्न वाजवत होता, त्याचं ऐकू नका, दोन तास लागतात.

कारगिलमध्ये कोणाशीही बोला, पलीकडे पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या स्कर्दूच्या रस्त्याचा विषय निघतोच. कारगिल आणि स्कर्दू एकाच बाजारपेठेची दोन टोकं होती, तो रस्ता १९४८ पासून बंद. २००५ मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली, २००६ मध्ये पूंछ-रावळकोट, पण कारगिल-स्कर्दू कधीच नाही. चहावाला म्हणाला, आमच्यासाठी कोण भांडणार, आम्ही कुणाच्या बातमीत नसतो. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

आता मुख्य तक्रार. पॅकेजमध्ये थांग, म्हणजे तुर्तुकच्या पुढचं सीमेवरचं गाव, होतं, कागदावर लिहिलेलं होतं. तुर्तुकच्या पार्किंगला गाडी लावून ड्रायव्हर म्हणतो थांग अलग है, अडीच हजार. थांग तिथून जेमतेम दहा किलोमीटर! मी कागद दाखवला तर म्हणाला युनियनचा रेट आहे. मग बोर्ड कुठेय विचारलं तर बोर्ड लेहला. एजंटचा फोन लागत नव्हता, लागणारही नव्हता, माझं सिम प्रीपेड. बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालतच नाही, घरूनच पोस्टपेड करून न्या, हे मला आधी कोणीतरी ओरडून सांगायला हवं होतं. शेवटी अठराशेवर मिटलं आणि वर त्याचा फुगलेला चेहरा फुकट. तुम्ही लेहलाच युनियनच्या रेटकार्डचा फोटो काढून ठेवा आणि "थांगपर्यंत" हा शब्द पावतीवर लिहून घ्या. थांग त्या दिवशी चालू आहे का हेही डिस्कीटला विचारून निघा, आर्मीने नाही म्हटलं की नाही, तिथे वाद घालून उपयोग नाही. ओळखपत्राच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा.

थांगला पोचल्यावर दुर्बिणवाले. शंभर रुपयांत "वो देखो पाकिस्तान". दिसतं काय तर डोंगर, झाडं, पलीकडच्या फ्रानो गावाची घरं, हलणारा एखादा ठिपका. आमच्या पुढचा ग्रुप "दिसला दिसला, पाकिस्तानी दिसला" करून टाळ्या पिटत होता. शंभर रुपये वाचवा.

खरं कळलं ते रात्री, होमस्टेच्या चाचांकडून. गाईड लोक सगळ्यांना एकच पाठ केलेलं वाक्य ऐकवतात, रात्री पाकिस्तानात झोपले सकाळी भारतात उठले. चाचा हसले, म्हणाले झोपलं कोण होतं. १९७१ च्या डिसेंबरात भारतीय लष्कराच्या मेजर चेवांग रिंचेन यांची तुकडी आली आणि तुर्तुक, त्याक्षी, चालुंका, थांग ही चार गावं इकडे आली. पुढे सिमला करारानंतर जिथे फौजा होत्या तीच नियंत्रण रेषा ठरली. जे कामाला, शिकायला पलीकडे गेले होते ते पलीकडेच राहिले. चाचांचा मोठा भाऊ त्यातलाच. वर्षानुवर्षं पत्रं, मग व्हॉट्सअ‍ॅप, आणि भाऊ गेल्याचं कळलं तेही एका व्हॉइस नोटवर. भाऊ राहिला ते पलीकडचं खपलू इथल्याच श्योक नदीच्या काठाने खाली आहे, पण रीतसर जायचं तर तुर्तुक, लेह, दिल्ली, अटारी, लाहोर, इस्लामाबाद, स्कर्दू आणि मग परत वर खपलू. २०२५ च्या एप्रिलपासून, पहलगाम झाल्यावर, अटारीचं दारही बंद. चाचांचा मुलगा सियाचीनला आर्मीचा पोर्टर आणि पलीकडचा पुतण्या तिकडच्या फौजेत. हे त्यांनी भात वाढता वाढता सांगितलं, आवाज न बदलता.

म्हणून एक विनंती, तिथे जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या तोंडासमोर मोबाईल धरून "इंडिया अच्छा या पाकिस्तान" विचारू नका. आमच्यासमोर एकाने विचारलं. चाचा उठून पाटाचं पाणी वळवायला निघून गेले, त्या वेळचं जेवण मुलीनेच वाढलं. तुम्ही राहा, दोन रात्री राहा, विषय त्यांनी काढला तर ऐका.

बाकी, पार्किंगपासून तुर्तुकच्या फारोल वस्तीची चढण दमवते, मोठी सॅक नेऊ नका. कॅश लेहहूनच आणा. किसीर म्हणजे कुट्टूचं धिरडं, ते मागून घ्या, मेनूवर मॅगी आधी लिहिलेली असते. जर्दाळू घरातूनच विकत घ्या, मी तीन किलो घेतले, चाचांनी वजन करून वर दोन मुठी टाकल्या. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने त्यातले बरेच खाल्ले आणि लेहला उतरताना पार्किंगचे शंभर वेगळे मागितले.